दुसरी भाकर

शनिवारी दुपारी मी पीठ मळलं आणि तू लाटलंस. आपण दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम तेच.

दुसऱ्या दिवशी महिन्याचा पहिला रविवार. देवळात प्रभुभोजन, येशूच्या आठवणीत सगळ्यांनी एक भाकर मोडून खायची, आणि ती भाकर तुझ्या हातची, हे मंडळीत तीस वर्षं ठरलेलं. तुझी मनगटं धरायला लागली तेव्हापासून मळायचं काम माझ्याकडं आलं. जन्मभर सिमेंट-रेती कालवलेले हात, त्यांना पिठाचं काय. गव्हाचं पीठ, मूठभर मैदा, वरून तेलाचा हात. मीठ नाही, खमीर नाही. मी परातीपुढं बसायचो, तू ओट्याला टेकून उभी. मळून झालं की बोटानं दाबून बघायचीस आणि म्हणायचीस, "अजून." त्या दिवशीही म्हणालीस. मी अजून मळलं.

लाटून झाल्यावर तू सुरीनं रेघा मारल्यास, आडव्या आणि उभ्या, म्हणजे पास्टरना तुकडे सारखे मोडता यावेत. मी म्हटलं, "ही रेघ तिरकी गेली बघ. भिंत असती तर पाडायला लावली असती."

तू म्हणालीस, "तुमच्या भिंती कोनी खात नाय."

जाड तव्यावर, मंद आचेवर, दोन भाकरी झाल्या. दोनच व्हायच्या. एक देवळासाठी, दुसरी पहिली करपली-बिरपली तर असावी म्हणून. असं मला वाटत होतं. सहा वर्षं वाटत होतं.

दोन्ही पांढऱ्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवल्यास. हात धुतलेस. म्हणालीस, "चहा टाकते. आधी जरा बसते. चहा घेताना एक बोलायचं हाय." गॅलरीतल्या खुर्चीवर जाऊन बसलीस. मी परात घासत होतो. परात घासून झाली, पुसून झाली, तरी चहाच्या भांड्याचा आवाज नाही, म्हणून बघायला आलो.

तू नेहमी म्हणायचीस, "मी काय तुमच्या आधी जानार नाय. तुमाला चहा टाकता येत नाय." हा पहिला दगा. दुसरा त्याच्याहून मोठा आहे. त्याच्याबद्दलच लिहायला बसलोय.

पास्टर म्हणाले, बाबा, मंडळीच्या पत्रकात छापायला रिबकाबाईंवर चार ओळी द्या. मी म्हटलं, चौथी शिकलोय, पण देईन. मात्र गोड गोड देणार नाही. ते म्हणाले, खरं आहे तेच द्या. आता छापायची हिंमत त्यांची त्यांनी बघावी. आपल्या एस्तेरनं काना-मात्रा नीट केलाय. दोन ठिकाणी तिनं विचारलं, "पप्पा, हे राहू दे का?" म्हटलं, राहू दे.

बाकीचे लिहितील की तू प्रार्थनेची बाई होतीस. ते खरंच आहे, मी कुठं नाही म्हणतो. पण त्यांनी तुला देवळात बघितलं, मी घरात बघितलं. भात गॅसवर ठेवून डोळे मिटायचीस आणि जगातल्या सगळ्या आजाऱ्यांची नावं घेत बसायचीस. भात खालून लागायचा. मी म्हणायचो, देवाला सांग, थोडक्यात ऐकत जा. गाणं तुला येत नव्हतं, पण आवाज सगळ्यांत वर. पेटीवाला एका पट्टीत, तू दुसऱ्या, आणि मंडळी तुझ्या मागं जायची, कारण तुझं ऐकू यायचं. एकदा स्टँडवरून येताना रिक्षावाला म्हणाला, पोरगी तापानं फणफणलीय. तू रिक्षा रस्त्याच्या कडेला उभी करायला लावलीस आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केलीस. मागं गाड्यांचे हॉर्न. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो रिक्षावाला तुझ्या मातीला आला होता. मी त्याला ओळखलं नाही, त्यानंच सांगितलं.

आणि दर गुरुवारी सरकारी दवाखाना. हातात फणी आणि खोबरेल तेलाची बाटली. ज्या बाईजवळ कोणी नाही तिचे केस विंचरून वेणी घालायचीस. नर्सनं विचारलं, तुमची कोण लागते, तर म्हणायचीस, बहीण. नर्स हसायची. म्हणायची, किती बहिणी हो तुम्हाला.

मला अभिमान होता. तुला कधी बोललो नाही, ते माझ्याकडं राहिलं. मी तुझ्या मागं मागं चालत विश्वासात टिकलेला माणूस. तू पुढं होतीस म्हणून रस्ता दिसायचा. म्हणूनच विचारतो, पुढं चालणाऱ्यानं मागच्याला असं फसवावं का?

लहान पोरं वाचतील, त्यांना ठाऊक नसेल, म्हणून आबांचं सांगतो. माझे आबा म्हणजे नेऱ्याकडच्या आमच्या गावातला पहिला विश्वासी, येशूच्या मागं गेलेला माणूस. जमीन नाही, वीटभट्टीवर जन्म गेला. बाप्तिस्मा झाला तेव्हा पास्टर म्हणाले, नवीन नाव घ्या. आबा म्हणाले, नको, देव मला मंगळ्या म्हनून वळखतो. माझं आणि नथूचं, माझ्या धाकट्या भावाचं, नाव पण त्यांनी बदलू दिलं नाही. त्यांची एकच गोष्ट होती. मला आणि नथूला जवळ बसवून सांगितलेली, "मला जाळू नका रं. मातीत ठेवा. प्रभू येईल तवा उठायचंय मला."

मी शब्द दिला होता. मी गवंडी. म्हटलं, आबा, तुमच्यावर असा कट्टा बांधीन की पाण्याचा थेंब आत जाणार नाही.

आबा गेले तेव्हा मी द्रोणागिरीला, गोदामाच्या कामावर. निरोप मिळून गावात पोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडला. नथू ओसरीवर डोकं भादरून बसलेला. आबा नव्हतेच. मसणवट गावाची, गावाच्या रीतीनं करायचं तर करा, नाहीतर उचलून न्या, असं लोक म्हणाले, आणि नथूनं गावाच्या रीतीनं केलं. स्वतःच्या हातानं अग्नी दिला. राख नदीत सोडून मोकळा झाला. माझ्या बापाला जगात कुठं वीतभर जागा नाही, की जिथं मी उभा राहून म्हणेन, हे माझे आबा. पनवेलच्या दफनभूमीत मी लोकांचे वीस कट्टे बांधले असतील. आबांचा नाही.

त्या दिवशी नथूशी बोलणं तोडलं. चौदा वर्षं झाली.

पहिली आठ वर्षं तू माझं डोकं खाल्लंस. शब्द न् शब्द मला पाठ आहे.

"देवानं मातीतून मानूस केला," तू म्हणायचीस, "राखेतून नाय उठवता येनार त्याला?"

मी म्हणायचो, "देवाचं मला सांगू नको. आबाला शब्द दिला होता."

"शब्द तुमी दिला होता. भावजी तिथं एकटे होते. दारात चाळीस मानसं उभी."

"मी असतो तर चाळीस जणांपुढं उभा राहिलो असतो."

"पन नव्हता ना."

इथं मी ताट सरकवून उठायचो. मग तू शेवटचं काढायचीस, भावाशी मन साफ नाही आणि प्रभूच्या मेजाशी हात पुढं करता? मी म्हणायचो, पास्टर देतात, मी घेतो, तू मध्ये कोण?

मग सहा वर्षांपूर्वी भट्टीवरचा एक जण सांगत आला, नथूला लकवा मारला, उजवी बाजू गेली. तेव्हाही शनिवारच होता. मी पीठ मळत होतो. मी म्हणालो, "बरं झालं. त्याच हातानं चूड लावली ना."

हे मी बोललो. लपवत नाही. एस्तेर हेच काढू का म्हणत होती.

तू तव्याजवळ उभी होतीस. मला वाटलं आता फुटशील. पण तू भाकर उलटलीस. त्या दिवसानंतर नथूचं नाव तू घरात काढलं नाहीस. मी मूर्ख, समजलो मी जिंकलो. तू गप्प बसलीस तेव्हाच मला संशय यायला पाहिजे होता. तू कधी हरून गप्प बसणारी बाई होतीस का?

पुढच्या महिन्यात तू पीठ दुप्पट घेतलंस. मी विचारलं, "एवढं कशाला?"

"एक करपली तर? मंडळीपुढं लाज नको."

आणि पहिल्या सोमवारी तू निघालीस. "नेऱ्याकडं घरसभा हाय. पास्टर पन हायेत." मी विचारलं नाही कोणाच्या घरी. दर पहिल्या सोमवारी घरसभा. उन्हात, पावसात, गुडघे सुजलेले असताना. मी तुला स्टँडपर्यंत सोडायला यायचो. पिशवी माझ्या हातात असायची. पिशवीत काय आहे ते मी सहा वर्षांत एकदाही बघितलं नाही.

रविवारी दुपारी तुला मातीत ठेवलं. प्रभुभोजन त्या दिवशी झालंच नाही, देवळात तुझी शवपेटी होती. दफनभूमीत लोक मूठ मूठ माती घालत होते, तेवढ्यात एक छोटा टेम्पो येऊन फाटकाशी थांबला. दोघांनी एका माणसाला खुर्चीसकट उतरवलं आणि खड्ड्याजवळ आणून ठेवलं. चेहरा एका बाजूला ओढलेला. मी ओळखला. चौदा वर्षांनी पण चाळीस पावलांवरून ओळखला.

त्यानं डाव्या हातानं माती घेतली. उजवा मांडीवर पडलेला, कोणीतरी आणून ठेवल्यासारखा. माती टाकली आणि माझ्याकडं बघून म्हणाला, "दादा."

मी म्हटलं, "कशाला आलास?"

"दर महिन्याला वयनी यायची. आज मी नको यायला?"

"कुठं यायची?"

बायकांच्या रांगेतल्या सगळ्या जमिनीकडं बघायला लागल्या. रिबका, तेव्हा मला कळलं की सगळ्यांना ठाऊक होतं. पास्टरना, पास्टरबाईंना, पेटीवाल्याला. मला सोडून.

नथू सगळ्यांसमोर म्हणाला, "तू धाडलेली भाकर घेऊन यायची ना. सहा वर्षं खाल्ली दादा. तू माफ केलंस म्हनून परत प्रभूच्या मेजाशी बसलो. नायतर मला तोंड नव्हतं."

खड्ड्यात तू. वर मी. मी तोंड उघडलं होतं. म्हणणार होतो, मी काही धाडलं नाही, मी कोणाला माफ केलेलं नाही. पास्टर माझ्याकडं बघत होते. एस्तेरनं माझा दंड धरला. मी खाली वाकून अजून एक मूठ माती घेतली आणि तुझ्यावर टाकली. जरा जोरातच टाकली.

सगळे गेल्यावर मी पास्टरना धरलं. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं, बाबा. दुसऱ्या भाकरीवर आशीर्वाद मागून मीच त्यांच्याबरोबर जायचो."

"आणि दर महिन्याला मला पण देत होता? माझ्या तोंडाकडं बघून?"

"तुम्हाला पण देत होतो."

"तिनं त्याला सांगितलं मी धाडली म्हणून?"

"धाडली असं नाही म्हणायच्या. 'ह्यांनी स्वतः मळलीय,' एवढंच म्हणायच्या. पुढचं त्यांनी कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही."

हेच तुझं. तू खोटं बोलत नाहीस, तू अर्धं बोलतेस. दुसरी भाकर करपली तर म्हणून, हे अर्धं. घरसभा, हे अर्धं. ह्यांनी मळलीय, हे पण अर्धं. सगळी अर्धी जोडली तर काय होतं? माझ्या नावानं माफी देऊन आलीस. अंगठा माझा आणि उमटवलास तू. दर महिन्याला. माझ्याच हातानं पीठ मळून घेतलंस, "अजून, अजून" म्हणत, आणि ज्याचं नाव मी घरात घेऊ देत नव्हतो त्याच्या तोंडात घातलंस.

आपण एका ताटात जेवलो. तुझा ताप माझ्या हाताला आधी कळायचा. आणि तुझ्या आयुष्यातली एवढी मोठी गोष्ट मला खड्ड्याच्या काठावर, दुसऱ्याच्या तोंडून कळावी? पास्टर म्हणतात, तिनं प्रेमापोटी केलं. असेल. प्रेमापोटी विचारायचं पण असतं. विचारलं असतंस तर मी नाही म्हटलं असतं, हे तुला ठाऊक होतं, मला पण ठाऊक आहे. पण नाही म्हणायचा हक्क माझा होता.

चहा घेताना काय बोलायचं होतं तुला? हेच का? की गॅसचा नंबर लावायचा होता? एस्तेर म्हणते, पप्पा, मम्मी सांगणारच असणार. तिला काय ठाऊक. तुलाच ठाऊक, आणि तू खुर्चीवर बसून निघून गेलीस.

सोमवारी सकाळी मी उठलो तेव्हा एकच ठरवलं होतं. नथूकडं जायचं आणि खरं काय ते सांगायचं. डबा उघडला. दोन्ही भाकरी तशाच होत्या. दुसरी उचलली, तिरक्या रेघेची, फडक्यात घातली. कशाला उचलली ते विचारू नको. एस्तेर म्हणाली, "कुठं निघालात?" म्हटलं, "घरसभा."

स्टँडजवळून सहा सीटर पकडली. वाटेत तीन फार्महाऊसच्या कंपाउंडच्या भिंती माझ्या हातच्या. म्हणजे त्या भिंती बांधताना मी त्याच्या घरापासून हाकेच्या अंतरावर होतो, आणि मान वळवली नव्हती. रस्ताभर तोंडात वाक्य घोळवत होतो, "नथू, मी भाकर धाडली नव्हती. मी तुला माफ केलेलं नाय." पुढं काय म्हणायचं ते ठरलं नव्हतं.

दार उघडंच होतं. नथू खाटेवर, एकटा. खाटेपुढच्या स्टुलावर धुतलेलं पांढरं फडकं अंथरलेलं.

मी म्हटलं, "हे कोणासाठी? काल माती घालून आलास ना?"

"सोमवार ना आज. सुनेला म्हनलं, कामावर जायच्या आधी अंथर."

"येणार कोण होतं?"

"ठाव नाय. दर महिन्याला अंथरतो."

मी उभाच होतो. म्हटलं, "नथू, ती भाकर मी—"

"ठाव हाय."

"काय ठाव हाय?"

"तू नव्हती धाडलीस. पयल्याच महिन्याला वळखलं. तू धाडली असतीस तर सोबत एक शिवी तरी धाडली असतीस."

मी खाटेच्या पायथ्याशीच बसलो.

"मग काल सगळ्यांसमोर काय बोललास?"

"वयनीला खड्ड्यात ठेवलेली. तिथं तिला खोटी पाडू?" त्याच्या ओढलेल्या तोंडातून शब्द हळू यायचे. "एकदा चाळीस मानसांपुढं घाबरलो दादा. आबाच्या टायमाला. परत नाय."

रिबका, तू मला फसवलंस, नथूला नाही. त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, आणि तो तुझं मन राखायला खात होता. सहा वर्षं तू समजत होतीस की त्याला काही कळलं नाही. तुला हे कोणी सांगितलं नसेल. म्हणून मी सांगतो. जरा बरं वाटलं मला, खोटं कशाला बोलू.

नथू म्हणाला, "पन मळलेली तूच ना?"

"मळलेली मीच."

"मग झालं."

झालं नाही. आबांचं माझ्या छातीत आहे तसंच आहे. तुझ्यावरचा राग पण आहे. तुझ्यावर कट्टा बांधायचाय, त्याला अजून वेळ आहे. माती बसायला एक पावसाळा जावा लागतो, आधी बांधला तर तडा जातो. हे मी सगळ्यांना सांगत आलोय, तुझ्या बाबतीत पण तेच.

फडकं सोडलं, भाकर स्टुलावर ठेवली. त्याला एका हातानं मोडता येईना, म्हणून मी मोडली. तिरक्या रेघेवर तिरकीच तुटली, एक तुकडा मोठा, एक लहान. मोठा त्याच्यापुढं सरकवला.

तो घेईना. म्हणाला, "पास्टर नाय आले?"

"नाय."

"आशीर्वाद मागितलेला नाय. मग हे प्रभुभोजन नाय."

"न्याहारी हाय. खा."

त्यानं डाव्या हातानं घेतला. मी माझा घेतला. बिनमिठाचा, दोन दिवसांचा, चावता चावता दात दुखले. मग मी उठलो, त्याच्या सुनेची चूल कुठं आहे ते शोधलं, आणि चहा टाकला.

एक घोट घेऊन नथू म्हणाला, "साखर लई झाली."

मी म्हटलं, "गप पी."